जुन्या फियाटचा नाद आणि मिस्त्रीची मजुरी

कोल्हापूर जिल्ह्यात ‘नाद’ हा शब्द निंदेसाठी वापरला जात नाही. कुणाला तालमीचा नाद असतो, कुणाला कबुतरांचा, कुणाला बैलांच्या शर्यतीचा. जुन्या विलायती मोटारींचा नादही याच रांगेतला, आणि तो आजचा नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात जर्मनीहून आलेली मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यासाठी आजही दसरा चौकात येते आणि सोहळ्याला जमलेली गर्दी त्या मोटारीलाही डोळे भरून पाहून घेते. पण महाराजांच्या मोटारीमागे संस्थानचा खजिना होता. आपण पडलो दुकानदार, कारखानदार, कारागीर. आपल्या नादाला खतावणीत जागा शोधावी लागते.

व्यापार-उद्योगाच्या पानावर मोटारीच्या शौकाचे काय काम, असे काही वाचक बांधव विचारतील. त्याचे उत्तर असे की, हा शौक करणारे जसे आपल्यात आहेत, तसेच त्या शौकावर ज्यांची रोजी आहे तेही आपल्यातच आहेत. पत्रा ठोकणारा टिंकर, रंगारी, गाड्यांच्या गाद्या शिवणारा कुशनवाला, रेडिएटरला डाग देणारा, वायरिंगचा उस्ताद. गॅरेजांच्या कोणत्याही गल्लीतून एक चक्कर मारली तर यातले किती हात आपल्या बिरादरीचे आहेत ते दिसून येते. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे, मोटार घेणाऱ्यासाठी आणि मोटार जिवंत ठेवणाऱ्यासाठी. मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुनी युरोपियन मोटार घ्यायची असेल तर मोटारीच्या आधी मिस्त्री शोधावा.

इटलीचे कूळ, कुर्ल्याची पैदास

आपल्या भागात जुनी युरोपियन मोटार म्हटले की बहुतेक वेळा ती फियाटच असते. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. इटलीत १९५३ साली बाजारात आलेली फियाट ११०० लवकरच कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. १९६४ साली ‘डिलाइट’ आली, फियाटशी करार संपल्यावर काही काळ ‘प्रेसिडेंट’ हे नाव लागले आणि १९७४ पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. इटलीत हे मॉडेल १९६९ सालीच बंद पडले होते. आपल्याकडे ते नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहिले, आणि परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला फारसे पर्याय नव्हते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. लालबहादूर शास्त्री यांनी पंतप्रधान असताना फियाट घेतली, ती १२,००० रुपयांची होती आणि त्यांतले ५,००० रुपये त्यांनी पंजाब नॅशनल बँकेतून कर्जाऊ काढले होते, हे अनेकांना ठाऊक असेल. मोटार ही चीज तेव्हा किती जड होती, हे त्यावरून कळते.

पन्नाशीच्या दशकातील गोल पाठीच्या, पुढची दारे उलटी उघडणाऱ्या फियाटला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले होते. बाजारात आजही तेच नाव चालते. आमच्या घरात ते चालत नाही. आम्ही ‘उलट्या दाराची’ म्हणतो, आणि विकणाऱ्यालाही ते बरोबर समजते.

या गाडीचे खरे पालक मुंबईचे टॅक्सीवाले होते. टॅक्सीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवशी चूल अडते. म्हणून मुंबईत फियाटचा वॉशर, पॉइंट, क्लचप्लेट कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत असे आणि तो माल पुण्याच्या नाना पेठेपर्यंत व तिथून आपल्याकडे येई. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर ही टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी तिच्या आठवणी छापल्या. व्यापाऱ्याने मात्र त्या बातमीत दुसरी गोष्ट वाचायला हवी होती. रोज माल उचलणारे गिऱ्हाईक संपले की उरलेला माल हौशी लोकांच्या भावाने विकला जातो. तसेच घडत आहे. जो दिवा किंवा दाराची मूठ पूर्वी भंगाराच्या ढिगातून निघे, ती आता कागदात गुंडाळून ठेवलेली असते आणि भाव विचारला की दुकानदार आधी आपल्या बुटांकडे पाहतो.

बाकीच्या गाड्यांविषयी थोडक्यात. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. तिला वेगळी चासी आहे, अख्खे बॉनेट पुढे उलटते, मिस्त्रीला काम करायला सोपी. आणि तिचे सुटे भाग इंग्लंडात आजही नवे बनतात. १९९५ पासून पुण्यात जुळलेली मर्सिडीज आता हौशी लोकांच्या नजरेत आली आहे. दिल्ली परिसरात पेट्रोल मोटारींवर १५ वर्षांचे बंधन आल्यापासून तिकडच्या अशा गाड्या इकडे स्वस्तात येतात. भाव ऐकून कुणाचेही मन डळमळेल. परंतु स्वस्त मर्सिडीजइतकी महाग मोटार दुसरी नाही. गाडी जुनी झाली म्हणून तिचे किमती, त्यातही बिजलीचे, भाग स्वस्त होत नाहीत. पहिल्यांदाच या नादाला लागणाऱ्याने फियाटपासून सुरुवात करावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

उलटी बाजू पाहावी

कापड घेताना आम्ही ताग्याची वरची घडी पाहत नाही. आतली घडी उलगडतो, उलटी बाजू पाहतो, काठ चाचपतो. मोटारही तशीच पाहावी. रंग सर्वांत शेवटी.

फियाटला वेगळी चासी नाही. अंगाचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे इंजिन थकले तर गाडी दुरुस्त होते, पण खालचा पत्रा सडला तर ती आतून बसते. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. बॅटरी ठेवायची जागा, पुढच्या पायपुसण्याखालचा तळ, दारांच्या खालच्या कडा, डिकीतली जादा चाकाची खोबण, आणि मागचे पाटे जिथे अंगाला जोडलेले असतात ती जागा. शेवटची जागा सर्वांत महत्त्वाची. तेथे बोट घातल्यावर गंजाचे पापुद्रे हाती आले तर चहा पिऊन परत यावे. खिशात एक लहान लोहचुंबक मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवावा. मलमल अशासाठी की मालकाच्या रंगाला ओरखडा पडू नये. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. थोडी पुट्टी चालते, ती नसलेली जुनी गाडी मिळणेच कठीण. तळव्याएवढी जागा चुंबक सोडून देत असेल तर मग विचार करावा. आणखी एक युक्ती: एका बाजूने जॅक लावून गाडी उचलावी आणि दार उघडून लावून पाहावे. दार अडकले तर सांगाडा वाकतो आहे.

इंजिन गार असतानाच सुरू करून घ्यावे. तुम्ही पोचण्याआधी मालकाने ते गरम करून ठेवले असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळते, आणि त्याने तसे का केले असेल हेही कळते. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लेप असेल तर पाणी आत जाते आहे. या गाडीचे हेड अॅल्युमिनियमचे आहे, एकदा तापून वाकले की त्रास देते. बोअर कितव्या साइजवर आहे ते विचारावे. वीस, चाळीस असे करत शेवटची साइज संपली असेल तर स्लीव्ह टाकावी लागते. त्याला भ्यायचे कारण नाही, उद्यमनगरातील लेथवर हे नेहमीचे काम आहे. १०८९ सीसीचे ते साधे इंजिन आहे, कोल्हापूरच्या कारागिराने त्याहून अवघड कामे केली आहेत. पुढचे चाक उचलून वर-खाली हलवावे, किंगपिन गेली असेल तर हाताला जाणवते. ग्रीस वेळेवर न देणाऱ्या मालकाची सही त्या किंगपिनवर असते.

गाडीबरोबर जे जे सुटे मिळेल ते ते घ्यावे, मोडके असले तरी. इंजिनाचा भाग घडवता येतो. क्रोमची पट्टी, मागच्या दिव्याची काच, डॅशबोर्डवरचे घड्याळ्यासारखे मीटर, नावाची अक्षरे, हे घडवत बसलो तर मोटारीच्या किमतीला लागते. सगळे भाग जागेवर असलेली न चालणारी गाडी ही अर्धे भाग हरवलेल्या चालत्या गाडीपेक्षा बरी.

कागदांच्या बाबतीत एवढेच सांगतो की आरसी बुकावरील चासी आणि इंजिन नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून पाहावेत, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहावे, आणि मालक वारलेला असेल तर सर्व वारसांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरगुती मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नव्याने करावी लागते. ही फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी १०,००० झाली. आयात केलेल्या मोटारीला तर ८०,००० पडतात. आपली फियाट कुर्ल्याची, ती आयातीत मोडत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली आहे. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. परंतु ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे व दुरुस्तीसाठी रस्त्यावर आणता येते. भाड्याने तर मुळीच देता येत नाही. लग्नाच्या वरातीला आणि शूटिंगला भाड्याने देऊन खर्च काढू, असा बेत करणाऱ्या तरुणांनी हे आधी वाचावे.

नदी, ऊस आणि मोटार

आमच्या शिरोळ तालुक्यात मोटार ठेवायची तर दोन गोष्टींशी गाठ असते. एक पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेने काय केले ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाण्यात बुडालेल्या नव्या मोटारींचे कॉम्प्युटर गेले आणि त्या विमा कंपनीच्या हवाली झाल्या. जुन्या फियाटमध्ये कॉम्प्युटर नाही, म्हणून ती वाचू शकते. अट एकच, पूर ओसरल्यावर चावी फिरवायची नाही. बॅटरी सोडवावी, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शिअलचे ऑइल सोडून द्यावे, चारही ड्रम उघडावेत, बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावे. दारांच्या आतल्या पुठ्ठ्यामागे गाळ बसतो, तो काढला नाही तर दोन पावसाळ्यांत दार खालून जाते. गाद्या उन्हात टाकून भागत नाही. त्यातला काथ्या पाणी धरून ठेवतो, तो उसवून काढावाच लागतो. माझ्याकडे १९८४ सालची पद्मिनी आहे. जुलै लागला की ती जयसिंगपूरला उंचावरच्या एका नातेवाइकाच्या शेडमध्ये जाते. इतका साधा उपाय दुसरा नाही.

पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात विकल्या जातात हेही ध्यानात ठेवावे. हेडलाइटच्या वाटीत आणि सीटखालच्या स्प्रिंगांवर गाळाची पिवळी रेघ राहते. ती कुणी पुसत नाही.

दुसरी गोष्ट ऊस. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते इथेनॉल आपल्याच भागातल्या उसापासून होते, कारखाना चालतो, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९६०-७० च्या दशकातील रबराचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बुरेटरचे गॅस्केट हे त्यासाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, तडकतात, आणि इंजिनाजवळ पेट्रोल ठिबकले तर मोटारीबरोबर घरही जाते. म्हणून इथेनॉल सोसणारे नवे पाइप टाकून घ्यावेत. हे काम उद्यावर ढकलू नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. गाडी महिना-महिना उभी राहिली की टाकीच्या तळाशी ते पाणी साठते आणि टाकी आतून गंजते. आठवड्यातून एकदा गाडी जयसिंगपूर किंवा कुरुंदवाडपर्यंत नेऊन आणावी. नुसते अंगणात पाच मिनिटे घुरघुरवून बंद करण्याने उलट नुकसान होते, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी राहते.

टिंकरचा हिशेब

आता मिस्त्रीकडे येऊ. आज नव्या मोटारीचा पंखा ठोकून सरळ करत बसत नाहीत, काढून दुसरा लावतात. त्यामुळे पत्रा कापून, गॅसवर जोडून, हातोडीने हुबेहूब आकार काढणारा टिंकर कमी होत चालला आहे. त्याचा मुलगा शोरूमच्या वर्कशॉपात जातो, तिथे पगार महिन्याला हाती पडतो. त्याला दोष कसा द्यावा? उस्तादाच्या हाताखाली राहून चार वर्षे हुन्नर शिकायचे आणि मग मजुरीसाठी मालकाच्या दारात उभे राहायचे, हा सौदा कुणालाही तोट्याचाच वाटेल.

कोल्हापूरच्या एका बुजुर्ग टिंकर चाचांनी मला एकदा हिशेब ऐकवला. तळाचा सडलेला पत्रा काढून नवा घडवायला त्यांना आठ दिवस लागले. रंगाऱ्याचे काम चार दिवसांचे. पण मालकाने रंगाऱ्याला खुशीने पैसे दिले आणि टिंकरशी घासाघीस केली, कारण रंग दिसतो आणि तळ पायपुसण्याखाली जातो. चाचांचे म्हणणे मला पटले, कारण ही गोष्ट आमच्या धंद्यातही आहे. इचलकरंजीचा खर्चीवाला दुसऱ्याच्या सुतावर कापड विणून देतो. त्याला मजुरी पिकावर मिळते, इंचात किती आडवे धागे बसले त्यावर. त्या मजुरीवरून तंटे होतात हे खरे, पण निदान मोजायला काही माप तरी आहे. काचेखाली धागे मोजता येतात. टिंकरच्या कामाला असे माप नाही, म्हणून त्याचे काम ‘उक्ते’ ठरते, आणि उक्त्या कामात कुणीतरी एक जण नेहमी बुडतो.

याचे कारणही समजून घेतले पाहिजे. रंग खरवडल्याशिवाय आत किती सडले आहे हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही. मालक मात्र पहिल्याच दिवशी एकरकमी आकडा मागतो. मिस्त्री काम हातचे जाऊ नये म्हणून कमी आकडा सांगतो. रंग निघाल्यावर काम दुप्पट निघते, पैसे तेवढेच राहतात. मग मिस्त्री पत्र्याऐवजी पुट्टी भरतो, किंवा गाडी अंगणात सोडून रोख पैशाच्या दुसऱ्या कामाला लागतो. दोघेही एकमेकांना बेइमान म्हणतात. खरे तर सौदाच चुकीचा झालेला असतो.

यावर मी आणि ओळखीच्या काही गाडीवाल्यांनी एक पद्धत धरली आहे. पहिला ठराव फक्त गाडी उघडण्याचा आणि रंग खरवडण्याचा. त्याची मजुरी ठरवून द्यायची, पुढे काम त्याच मिस्त्रीकडे राहो वा न राहो. मग दोघांनी मिळून गाडी पाहायची आणि वहीत जागा लिहायच्या. डावा तळ, उजव्या दाराची कड, पाट्याची जोड. प्रत्येक जागेची मजुरी वेगळी, आणि एक जागा पुरी झाली की तिचे पैसे त्याच दिवशी. पत्रा, गॅस, रंग हे सामान मालकाने आणायचे, म्हणजे मजुरी ही मजुरी राहते, तिच्यात सामानाचा संशय मिसळत नाही. पत्रा बसल्यावर, रंगाच्या आधी, मोबाइलवर फोटो काढायचा. तो फोटो म्हणजे टिंकरचे पीक-काचेखालचे माप. पुढे गाडी विकताना घेणारा तोच फोटो आधी मागतो, आणि त्या कामाची किंमत गाडीच्या भावात उतरते.

मिस्त्री बांधवांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाच गाड्यांचे आगाऊ पैसे घेऊन पाचही उघड्या टाकण्याची सवय बंद झाली पाहिजे. उघडा पत्रा एका पावसाळ्यात लाल होतो आणि केलेले काम पुन्हा करावे लागते. एक गाडी घ्यावी, पुरी करावी. कोल्हापूर पुणे-बंगळूर रस्त्यावर आहे. या दोन्ही शहरांत हौशी आहेत, त्यांच्याकडे पैसा आहे, नाही तो वेळ पाळणारा हात. ज्याच्या मोबाइलमध्ये पुऱ्या झालेल्या तीन गाड्यांचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे फोटो आहेत, त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही.

आणखी एक धंदा मोकळा पडला आहे, तो सुट्या भागांचा. लोखंडी व अॅल्युमिनियमचे ओतकाम आणि लेथ कोल्हापुरात आहेत, रबर आणि बुशचे काम करणारेही आहेत. अडचण एवढीच की कारखानदार एक नग बनवत नाही, त्याला लॉट हवा असतो. गेल्या वर्षी आम्ही सात जणांनी मिळून दारांच्या रबरी बीडिंगचा नमुना एका कारखान्याला दिला. त्याने सबंध गुंडाळी घ्यावी लागेल म्हणून सांगितले. सुताची गाठडी फोडून घेतात तशी ती आम्ही वाटून घेतली. सात गाड्या होऊन काही मीटर उरले आहेत, ते माझ्या दुकानात पॉपलिनच्या ताग्यांशेजारी ठेवले असून पडत्या भावानेच मीटरवर देतो. आता काचेखालच्या रबराचा नमुना तयार आहे, त्यासाठी आणखी पाच-सहा गाडीवाले हवे आहेत.